जंजिऱ्याचे बुरूज किती?

म्हसळ्याहून दिघीला जायचं, शिडाच्या होडीत बसायचं आणि जंजिऱ्याच्या दरवाजात उतरायचं, ही आपल्याकडची नेहमीची सहल. पाहुणे आले की एक दिवस जंजिऱ्याचा असतोच. होडीत किंवा किल्ल्यावर माहिती सांगणारा भेटतो आणि त्याच्या तोंडी बावीसचा पाढा ठरलेला असतो. किल्ला बावीस एकरांवर, बांधायला बावीस वर्षं लागली, बुरूज बावीस. घरी येऊन एखादं किल्ल्यांवरचं पुस्तक उघडावं तर त्यात बुरूज १९. दुसऱ्या पुस्तकात २४. तिसऱ्यात पुन्हा २२.

बुरूज काही हवेत विरून गेलेले नाहीत. दगडांचे आहेत, आजही उभे आहेत, होडीतून एक फेरी मारली तर कुणालाही मोजता येतील. डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूच्या बाबतीत छापील पुस्तकांचं जमत नसेल, तर साडेतीनशे वर्षांपूर्वी अमुक माणूस अमुक रात्री काय म्हणाला, हे सांगणाऱ्या पुस्तकावर किती विसंबायचं?

आकडे वेगवेगळे येण्याची कारणं खरं तर साधी आहेत. दरवाजाच्या दोन्ही अंगांचे बुरूज एक धरायचे की दोन, तटाला आलेला फुगवटा बुरूज म्हणायचा की नाही, आतल्या बालेकिल्ल्याचं बांधकाम हिशेबात घ्यायचं का, यावर मोजणी बदलते. म्हणून १९ लिहिणारा आणि २४ लिहिणारा, दोघेही प्रामाणिक असू शकतात. मात्र चांगल्या पुस्तकात ‘मी असे मोजले’ असं एक वाक्य असतं. बाकीच्यांत नुसता आकडा असतो. बावीसची गंमत वेगळी आहे. एकर, वर्षं, बुरूज, सगळं एकाच आकड्यात बसलं की लक्षात राहतं, आणि लक्षात राहतं म्हणून ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जातं. इतिहासात सगळं इतकं नेटकं जुळून आलं की आपण जरा थांबून बघावं.

सरहद्दीवरच्या मुलखाची अडचण

आपला किनारा म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली सरहद्द. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्यावर सिद्दी, समोर पद्मदुर्गावर मराठे, उत्तरेला रेवदंड्यात पोर्तुगीज, १६६८ पासून मुंबईत इंग्रजांची कंपनी, पुढे कुलाब्याला आंग्रे, आणि सिद्दीच्या पाठीशी आधी विजापूर, मग मोगल. ही खाडी जिथे आत शिरत शिरत येते ते आपलं म्हसळं १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होतं.

अशा मुलखाचं लिखाण सरळ कधीच नसतं. एकाच लढाईबद्दल मराठी कागदात एक, फारसी तवारिखेत दुसरं, इंग्रजांच्या वखारीच्या पत्रात तिसरं. ज्याच्या राज्यात लिहिणारे जास्त, त्याची बाजू जास्त टिकते. पुण्या-साताऱ्याच्या दफ्तरांतून लिहिलेल्या पुस्तकांत सिद्दी बहुतेक वेळा फक्त शत्रू म्हणून येतो. त्याच्या मुलखात राहणारा, दोन्हीकडून लुटला जाणारा, खाडीकाठी भातशेती करणारा माणूस येतच नाही. मोगलांच्या बाजूच्या ग्रंथात तोच सिद्दी पराक्रमी वीर असतो. कोळ्यांनी स्वतः लिहिलेलं तर जवळजवळ काहीच नाही.

सरहद्दीच्या इतिहासाचा हा घोळ जगभर आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहती पश्चिमेकडे सरकत गेल्या, त्या काळावर हजारो पुस्तकं आहेत. घोडेस्वार, बंदुका, शेरीफ, दरोडेखोर, मूळ रहिवाशांशी लढाया. त्यांतली कोणती खरी मानायची यावर तिथले अभ्यासक आजही झगडतात. त्यांच्या अनुभवातून आपल्याला बरंच शिकता येतं, ते पुढे येईलच.

एकच प्रश्न : याला कसं कळलं?

बाजारात सुरमई घेणारी बाई कोळणीच्या हाकेवर जात नाही. ती कल्ला उचलून आत बघते. लाल असेल तर ताजी, काळपट पडला असेल तर पुढची पाटी. इतिहासाच्या पुस्तकातल्या प्रत्येक विधानाला असा एक कल्ला असतो. तो उचलायचा म्हणजे विचारायचं : हे या लेखकाला कसं कळलं? तो तिथे होता का? नसेल तर तिथल्या माणसाकडून ऐकलं का? कागद पाहिला का? की आधीच्या पुस्तकातून उतरवून घेतलं?

ही पारख अख्ख्या पुस्तकाची नसते, विधानाची असते. ‘हे पुस्तक विश्वसनीय आहे का?’ या प्रश्नाला सहसा उत्तरच नसतं. एकच पुस्तक एका पानावर भरवशाचं आणि दुसऱ्या पानावर पोकळ असू शकतं. मुंबई सरकारने १८८३ मध्ये छापलेलं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर घ्या. म्हसळ्याचा बाजार, खाडीतली ये-जा, पिकं, रस्ते याबाबत ते मोलाचं आहे, कारण ती माहिती त्या काळच्या अंमलदारांनी जागेवर गोळा केली. तेच गॅझेटियर सिद्दी जंजिऱ्यावर कसे आले हे सांगू लागतं, तेव्हा त्याच्यापुढेही चारशे वर्षांपूर्वीची दंतकथाच असते.

तीनशे पेट्यांची गोष्ट

ती कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा नायक. निजामशाहीच्या चाकरीतला एक हबशी सरदार व्यापाऱ्याचं सोंग घेऊन आला, गलबतातला माल बेटावर उतरवायची परवानगी त्याने मागितली. तीनशे पेट्या उतरल्या, प्रत्येक पेटीत एक शिपाई. रात्री पेट्या उघडल्या आणि बेट गेलं. दुसऱ्या तऱ्हेने सांगणारे पेट्यांच्या जागी दारूची पिंपं घालतात. कोळी पिऊन पडले आणि मग हल्ला झाला.

आता कल्ला उचलून पाहू. गॅझेटियरमध्ये साल दिलं आहे सुमारे १४८९. मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून फुटून निजामशाही उभी केली ती १४९० मध्ये. म्हणजे कथेतला सरदार ज्या राजाची चाकरी करतो, तो त्या साली अजून राजाच झालेला नाही. मलिक अहमद त्या वर्षांत बहमनी सरदार म्हणून कोकणात मोहिमा करत होता आणि दंडा-राजपुरीसाठी झगडत होता, एवढं फारसी इतिहासांतून दिसतं. म्हणजे साल थोडं इकडेतिकडे धरलं तर सत्ताबदल खरा असू शकतो. पेट्यांचं मात्र वेगळं आहे.

पेटीत शिपाई घालून किल्ला घेणं ही जगभर हिंडणारी कथा आहे. ग्रीकांचा लाकडी घोडा सर्वांना ठाऊक आहे. त्याहूनही जुन्या एका इजिप्ती कथेत सेनापती दोनशे शिपाई टोपल्यांत लपवून शहरात पाठवतो. अलिबाबाच्या गोष्टीत चोर तेलाच्या बुधल्यांत बसतात. शेरशहाने रोहतासचा किल्ला घेतला तो डोल्यांत बायकांऐवजी शिपाई बसवून, असं आपल्याच देशातल्या तवारिखा सांगतात. इतक्या ठिकाणी एकच युक्ती दिसली की ती प्रत्येक ठिकाणी खरोखर घडली असण्यापेक्षा गोष्टच गावोगाव फिरली असण्याचा संभव जास्त. एखादा बळकट किल्ला परक्याच्या हाती गेला की गमावणाऱ्यांना कारण लागतं, आणि ‘आम्ही हरलो नाही, फसवले गेलो’ हे कारण मनाला बरं वाटतं.

म्हणून ही कथा फेकून द्यायची का? मुळीच नाही. बेट सिद्दींच्या आधी कोळ्यांचं होतं ही आठवण त्या कथेने जपली आहे, आणि ती आठवण मला पेट्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. पेट्या तीनशे होत्या की नव्हत्या याच्यावर वाद घालत बसणाऱ्या पुस्तकांनी नेमकं हेच दुर्लक्षिलं आहे.

स्फोटाचा आवाज आणि झोपेतलं वाक्य

दुसरं उदाहरण याच खाडीच्या तोंडावरचं. किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी शिवाजी महाराजांच्या ताब्यात होती, समोरचा जंजिरा सिद्दींकडे. १६७१ च्या सुमारास शिमग्याच्या धामधुमीत सिद्दींनी रात्री छापा घालून दंडा-राजपुरी परत घेतली. त्या धुमश्चक्रीत दारूचं कोठार उडालं. मोगल इतिहासकार खाफीखान ही हकिगत रंगवून सांगतो आणि शेवटी म्हणतो की, असं सांगतात की महाराज तेव्हा वीस कोसांवर झोपलेले होते, स्फोट होताच ते दचकून उठले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी संकट आलं असं म्हणाले.

राजपुरीपासून रायगड सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. रात्रीची वेळ, वारा अनुकूल, दारूचं मोठं कोठार. एवढ्या अंतरावर धडाका ऐकू जाणं अगदीच अशक्य नाही. पण शयनगृहात महाराजांच्या तोंडून निघालेले शब्द मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या माणसापर्यंत कसे पोचले? खाफीखानाचा ग्रंथ अठराव्या शतकातला, घटनेनंतर कितीतरी वर्षांनी पुरा झालेला. या वाक्याचा साक्षीदार म्हणून कोणाचंही नाव तो देत नाही. त्याने स्वतःच ‘असं सांगतात’ म्हटलं आहे, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. पुढच्या लेखकांनी मात्र ते दोन शब्द गाळले की ऐकीव गोष्ट घटना होऊन बसते. पुस्तकं पारखताना अशा गळालेल्या शब्दांवर लक्ष ठेवावं. मूळ लेखक ‘म्हणतात’ म्हणतो, दुसरा ‘बहुधा’ म्हणतो आणि तिसऱ्याच्या पुस्तकात तारखेसह संवाद येतो.

या हकिगतीचा गाभा मात्र टिकतो. दंडा-राजपुरी गेली, हे नंतरच्या घडामोडींवरून स्पष्ट दिसतं. मराठ्यांनी मुरुडसमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा करायला घेतला तो जंजिऱ्याला शह म्हणूनच.

एक रागावलेलं पत्र

पद्मदुर्गाबद्दल एक अस्सल कागद आहे. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं पत्र. पद्मदुर्गाच्या कामासाठी आणि दौलतखान, दर्यासारंग यांच्या आरमारासाठी धान्य आणि पैसे द्यायचा हुकूम होता, तो सुभेदाराने पाळला नाही. पत्रात महाराज सरळ विचारतात की हबशाने, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीने, काही देऊन तुला आपला चाकर केलं आहे का. आणि असा चाकर ब्राह्मण आहे म्हणून गय होणार नाही असंही बजावतात.

हे पत्र तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेलं नाही. पुढे तीनशे वर्षांनी लोक काय म्हणतील याचा विचार त्यात नाही. आरमार अडलंय, रसद हवी आहे, एवढंच आहे. म्हणूनच ते मौल्यवान. पद्मदुर्गाचं काम चालू होतं, आरमाराचे दोन प्रमुख कोण होते, रसद वेळेवर येत नव्हती, महाराज अशा कामचुकारीकडे कसे बघत, हे सगळं त्यातून पक्कं कळतं.

पण जिवाजी विनायकाने खरोखर लाच खाल्ली होती का? ते या पत्राने सिद्ध होत नाही. संतापलेल्या धन्याचा तो संशय आहे. सुभ्यात त्या वर्षी धान्यच नसेल, हिशेबाचा काही घोळ असेल, आपल्याला माहीत नाही. एखाद्या पुस्तकाने या पत्राचा आधार देऊन ‘सुभेदार फितूर झाला होता’ असं लिहिलं, तर तळटीप असूनही ते विधान कच्चं आहे. तळटीप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती तळटीप विधानाचं ओझं पेलते का, ते पाहावं.

समकालीन पत्रं चुकीचंही सांगतात. इंग्रजांच्या वखारीत बाजारगप्पा पोचायच्या आणि त्या पत्रांत उतरायच्या. १६८० मध्ये महाराज वारले तेव्हा इंग्रजांच्या वखारीच्या एका पत्रात लिहिलं गेलं की बातमी सगळीकडून पक्की येते आहे, तरी काहींना शंका आहे, कारण याआधीही मोठ्या मोहिमेच्या तोंडावर अशा बातम्या उठवल्या जात. ज्याने हे लिहिलं तो कारकून चांगला साक्षीदार आहे. काय माहीत आहे आणि काय नाही, यातला फरक त्याने कागदावर ठेवला.

बखरी, वंश आणि जुनं दुखणं

आपल्याकडे बखरींवर वाद फार होतात. कोणी त्यांना वेदवाक्य मानतात, कोणी कचऱ्यात काढतात. दोन्ही चूक. बखर कोणी, कधी, कोणासाठी लिहिली हे आधी बघावं.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, १६९४ ते १६९७ च्या दरम्यान. शिवकाळ पाहिलेला माणूस, महाराजांच्या मृत्यूनंतर चौदा ते सतरा वर्षांनी लिहितो आहे. क्रम चुकतो, तारखा फारशा देत नाही, तरी त्याचं बोलणं ऐकून घेण्याजोगं आहे. तानाजीच्या सिंहगडाच्या लढाईत त्याच्याकडे घोरपड नाही. ती नंतरच्या पोवाड्या-बखरींत आली. आणि सिंहगड हे नाव तर महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच सापडतं; लढाई झाली १६७० मध्ये. तरी तानाजीच्या मृत्यूमुळे गडाचं नाव बदललं हे घरोघर पक्कं आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं बळ एवढं मोठं.

मल्हार रामराव चिटणीसाची बखर त्याहून शंभरावर वर्षांनी, १८१० च्या सुमारास लिहिलेली. तिच्यातलं संभाजी महाराजांचं चित्र काळंकुट्ट आहे. या लेखकाचा पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस याला संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. घराण्यात हे दुखणं चार-पाच पिढ्या टिकलं असेल, यात नवल नाही. पुढच्या लेखकांनी आणि नाटककारांनी हीच बखर पायाशी धरली, आणि संभाजी महाराज म्हटलं की व्यसनी, अविचारी तरुण अशी प्रतिमा पिढ्यान्पिढ्या चालली. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागद जमवून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, मग कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं, तेव्हा कुठे ते चित्र हललं. आपल्या किनाऱ्याला हे जवळचं आहे. १६८२ मध्ये जंजिऱ्यासमोर खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेणारा राजा हाच. व्यसनात बुडालेल्या माणसाच्या हातून असं काम निघत नाही, हे चिटणिसाची बखर वाचणाऱ्यांना निदान खटकायला हवं होतं.

दहा पुस्तकं, एक साक्षीदार

वाचकाची सर्वांत मोठी फसगत संख्येने होते. ‘सगळीच पुस्तकं असं म्हणतात’ हा पुरावा नव्हे. दहा लेखकांनी एकाच बखरीतून उतरवलं असेल तर साक्षीदार एकच. खुणेची गोष्ट म्हणजे सामाईक चुका. दोन पुस्तकांत एकाच नावाचं एकच चुकीचं रूप, एकच उलटीपालटी झालेली तारीख दिसली, की दुसऱ्याने पहिल्याचं पाहून लिहिलं असं खुशाल समजावं.

याच्या उलट, एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच सांगतात तेव्हा काय होतं, ते शिवजन्माच्या तारखेत दिसतं. नंतरच्या बखरींवरून शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल रूढ होतं. जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० होतं. एकट्या शकावलीवर सगळे राजी झाले नाहीत, आणि ते योग्यच होतं. पण महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ तंजावरहून हाती आलं, १९२७ मध्ये छापून निघालं, त्यातही तीच तिथी. राजस्थानातल्या एका ज्योतिषाच्या घराण्याच्या कागदांत महाराजांची जन्मकुंडली निघाली, तीही तेच सांगते. मावळातला देशमुख, दरबारातला संस्कृत कवी आणि शेकडो कोस दूरचा ज्योतिषी. तिघांनी एकमेकांचं पाहून लिहायला काही वाटच नव्हती. अशा तीन साक्षी शंभर पुस्तकांना भारी पडतात.

> चौकट : वाचनालयात पुस्तक चाळताना
> आधी लेखकाची प्रस्तावना वाचा. त्याने कोणते कागद स्वतः पाहिले ते तिथे कळतं. मग मध्येच कुठलंही पान उघडून एक ठाम विधान निवडा आणि त्याचा आधार कुठे आहे ते शोधा. बंद खोलीतले संवाद अवतरणचिन्हांत दिले असतील तर ऐकणारा कोण होता ते विचारा. शत्रूचं एखादं चांगलं काम आणि आपल्या माणसाची एखादी चूक पुस्तकात कुठेच दिसत नसेल, तर निवड करून लिहिलंय हे ओळखा. लेखकाने कुठे ‘याबाबत निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिलं असेल, तर त्याच्या बाकीच्या विधानांवरचा भरवसा वाढवायला हरकत नाही.

‘अस्सल चरित्र’ नावाचं पुस्तक

आता अमेरिकेकडे वळू. तिथे बिली द किड नावाचा एक तरुण बंदूकबाज होऊन गेला. पॅट गॅरेट या शेरीफने त्याला जुलै १८८१ मध्ये गोळी घातली, आणि पुढच्याच वर्षी गॅरेटच्या नावाने बिलीचं चरित्र निघालं. नावातच ‘अस्सल’ हा शब्द होता. ज्याने मारलं त्यानेच लिहिलं, याहून जवळचा साक्षीदार कोण? पण त्यातला बराच मजकूर अ‍ॅश अपसन नावाच्या त्याच्या पत्रकार मित्राने लिहिला होता. पुस्तकात बिलीची जन्मतारीख २३ नोव्हेंबर अशी आहे. अपसनचा स्वतःचा वाढदिवस २३ नोव्हेंबर.

वायट अर्प हा तिथला दुसरा दंतकथा झालेला माणूस. तो १९२९ मध्ये वारला. १९३१ मध्ये स्टुअर्ट लेकने त्याचं चरित्र छापलं. पानोपानी अर्पच्या तोंडची लांबलचक वाक्यं, जणू तो शेजारी बसून सांगतोय. ही वाक्यं अर्पने अशी उच्चारलीच नव्हती, हे लेकनेच पुढे मान्य केलं. तोवर त्यावर चित्रपट निघाले होते. आपल्याकडे ‘श्रीमान योगी’ किंवा ‘छावा’ वाचून लोक संवाद पाठ म्हणतात. कादंबरीकाराने कादंबरी म्हणूनच लिहिलं आहे, त्याची फसवणूक नाही. रणजित देसाई, शिवाजी सावंत यांनी आपल्याला इतिहासाची ओढ लावली, हे ऋण आहेच. पण त्यातला संवाद ‘महाराज म्हणाले होते’ म्हणून भाषणात आला की तो लेकच्या पुस्तकासारखाच पसरतो.

त्या देशातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट १८७६ ची. लिटल बिगहॉर्न नदीकाठी सेनाधिकारी कस्टर आणि त्याच्या हाताखालच्या तुकडीतले सारे सुमारे दोनशे जण लकोटा आणि शायान योद्ध्यांशी लढताना मारले गेले. कस्टरच्या त्या तुकडीचं सांगायला कुणी उरलंच नव्हतं. तरी शेवटच्या श्वासापर्यंत टेकडीवर पाय रोवून उभ्या असलेल्या वीराचं चित्र शंभर वर्षं पुस्तकांत रंगत गेलं. जिंकलेली माणसं जिवंत होती, सांगत होती; त्यांचं बोलणं विसंगत म्हणून बाजूला ठेवलं गेलं. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळालं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन जमीन पिंजून काढली. कोणत्या बंदुकीतून निघालेलं रिकामं काडतूस कुठे पडलं, याचा नकाशा तयार झाला. फळी लवकर मोडली, पळापळ झाली, या मूळ रहिवाशांच्या साक्षी त्या नकाशाशी बऱ्याच अंशी जुळल्या.

आपल्या कोळीवाड्यांतल्या आणि सिद्दी घराण्यांतल्या आठवणींकडे आपण कसं बघतो, हे यावरून ताडून पाहण्यासारखं आहे. लिहिलेलं नाही म्हणून खोटं, असं नसतं. आणि ऐकीव आहे म्हणून सगळंच खरं, असंही नसतं. ती साक्षसुद्धा दुसऱ्या कशाशी तरी भिडवून बघावी लागते, दगडाशी, कागदाशी, शेजारच्या गावातल्या वेगळ्या आठवणीशी.

कागद खरा, अर्थ दोन

सगळे कागद अस्सल निघाले तरी काम संपत नाही. एक उदाहरण घ्या. परशुरामाचं देवस्थान जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याने १७२७ मध्ये उद्ध्वस्त केलं, त्यामागे तिथल्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या हत्तीवरून झालेली कुरबुर होती. पुढे बाजीरावाने १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम काढली, आणि १७३६ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०० च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यांना त्या पत्रांत स्वराज्याला प्रेरणा देणारा साधुपुरुष दिसला. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत याच स्वामींना सरदारांना कर्ज देणारा, पैशाचा हिशेब काटेकोर ठेवणारा व्यवहारी माणूस म्हणून उभं केलं. कागदांवर दोघांचा वाद नव्हता, माणसावर होता.

अशा वेळी वाचकाने काय करावं? मला विचाराल तर पत्रंच वाचावीत. राजवाड्यांचं मोठेपण हेच की त्यांनी आपलं मत तर ठासून मांडलंच, पण पत्रंही जशीच्या तशी छापली. वाचकाला त्यांच्या विरुद्ध जाण्याचं साहित्य त्यांनीच पुरवलं. मत असलेला लेखक वाईट नव्हे. मताच्या आड येणारे कागद दडवणारा लेखक वाईट.

म्हसळ्याच्या घरांतले कागद

जंजिरा संस्थानावर मराठीत जे लिहिलं गेलं त्यात किल्ला आणि लढाया फार, मुलूख फार थोडा आहे. म्हसळ्यात वसूल कसा व्हायचा, खाडीतून कोणता माल जायचा, कोणत्या गावी कोणाचं वतन होतं, नबाबाच्या कचेरीत कज्जे कसे चालायचे, यावर सविस्तर पुस्तक व्हायला हवं. त्याचं साहित्य थोडंफार सरकारी दफ्तरखान्यांत असेल, पण बरंचसं आपल्याच माळ्यांवर, ट्रंकांत, जुन्या दर्ग्या-मशिदींच्या आणि देवळांच्या कागदांत आहे. मोडीतलं खत, फारसी शिक्क्याची सनद, सारा भरल्याची पावती, बोटीच्या भाड्याची वही. घरच्या लोकांना ती रद्दी वाटते.

असा कागद सापडला तर तो लॅमिनेट करू नये, प्लास्टिकच्या उष्णतेने आणि चिकटण्याने तो कायमचा जातो. चिकटपट्टीही लावू नये. उजेडात पुढून-मागून स्वच्छ फोटो घ्यावा, शिक्का दिसेल असा एक वेगळा घ्यावा, आणि कोणत्या गावात, कोणाकडे, कशाबरोबर मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेवावं, कारण कुठून आला हे हरवलं की कागदाची निम्मी साक्ष जाते. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, वर्गही चालतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामाला वाहिलेलं आहे. आणि कोणी वाचून दिलं तर मूळ मजकूर वेगळा आणि वाचणाऱ्याने लावलेला अर्थ वेगळा, असं दोन रकान्यांत लिहून घ्यावं. एखादा शब्द लागला नसेल तर तिथे जागा कोरी सोडायला सांगावं.